साळुंकेच्या टाकीतलं पाणी

सोम., १२ जाने.

सापडला!

दुपारी डिझेलच्या बाटल्या आल्या. लेबल वाचलं आणि हातातला चहा तसाच राहिला. अणुवीज प्रकल्प, बॅकअप जनरेटर, टाकी नं. २. पुरवठा आणि देखभाल कंत्राटदार कंपनीची, खाली सही साळुंकेची. (यापुढं ह्या वहीत नुसतं सा. पूर्ण नावावर शाई घालवायची नाय.)

चार वर्षं झाली. ह्याच लॅबमध्ये शेजारच्या टेबलावर बसायचा. एका दवाखान्याच्या डिझेलची टेस्ट न करता आकडे ठोकून दिले आणि खाली माझी आद्याक्षरं मारली. जनरेटर बंद पडल्यावर चौकशी झाली, तेव्हा हा तोंडात मिठाची गुळणी धरून बसला. माझा सहीचा अधिकार दोन वर्षं गेला. खुलताबादला दिरांच्या मेहुणीच्या लग्नात एकीनं मांडवातच विचारलं, "काय वैशाली, किती खाल्ले गं?" हा मात्र मोठ्या पगारावर कंत्राटदाराकडं.

आता तुझी बाटली माझ्या टेबलावर आहे राजा.

मंगळ., १३

पाणी. मर्यादेच्या दुप्पट. दोनदा लावली टेस्ट, दोन्हीदा तेच.

प्रकल्पाच्या कामात "थोडंसं पाणी" असलं काही नसतं. बाहेरची वीज गेली की ह्याच जनरेटरनं पंप फिरवायचे, पंपांनी अणुभट्टीचा ताप उतरवायचा. डिझेलात पाणी असलं की इंजिन दोन आचके देतं आणि बसतं.

नापास लिहिलं. माझं पूर्ण नाव, वैशाली वाघमारे, टपोऱ्या अक्षरात. दराडे सर (लॅबचे प्रमुख) म्हणाले, "एवढ्या खुशीत का आज?" म्हणलं, उद्या संक्रांत आहे ना सर.

बुध., १४

सा. नं तिळगुळाचा फोटो पाठवलाय. गोड बोला म्हणे! अजून रिपोर्ट पोचलेला दिसत नाय. मी पण लाडवाचा फोटो पाठवला. लई मज्जा आली.

गुरु., १५

पोचला. प्रकल्पानं दोन नंबरचा जनरेटर "उपलब्ध नाही" असा धरला, टाकी उपसायला घेतली. सा.च्या कंपनीला नोटीस. कंत्राट जायची वेळ आलीय.

फोन आला त्याचा. "वैशाली, आपण एका ताटात जेवलोय गं."

"व्हय. आणि खरकटं मी काढलं."

फोन ठेवला. भाजीत आज मीठ दोनदा पडलं. हे म्हणाले, "कुणाचा बदला घेतलास आज?" नवऱ्याला कसं काय कळतं.

शनि., १७

सा.नं दुसरी बाटली तपासायची मागणी केली. प्रत्येक टाकीच्या दोन बाटल्या येतात. एक तपासायची, एक सील करून कपाटात ठेवायची, असा भांडणाचा प्रसंग आला तर. म्हणलं, खुशाल. दराडे सरांच्या समोर मीच सील तोडलं, ऐटीत.

स्वच्छ. एकदम स्वच्छ.

परत लावली. परत

रवि., १८

दिवसभर बजाजनगरातच, घराबाहेर पडले नाय. कपडे धुतले, डोकं चालूच. एकच टाकी, एकच नळ, त्याच मिनिटाला भरलेल्या दोन बाटल्या. एकीत पाणी, एकीत नाय. म्हणजे पाणी टाकीतलं नव्हतं. बाटलीतलं होतं.

बाटल्या आपल्याच. इथूनच जातात रिकाम्या.

सोम., १९

शांतामावशींना विचारलं. लॅबची झाडलोट आणि काचसामान त्यांच्याकडं. "मावशी, डिसेंबरात तपासणीवाले यायच्या आधी सँपलच्या बाटल्या कुणी धुतल्या?"

"मीच की. तुम्हीच म्हनला व्हता, आरशावानी लख्ख पायजे समदं. सोडा लावून धुतल्या, उनात पालथ्या घातल्या. घाई व्हती, मंग लगीच बूचं लावून ठिवल्या."

मीच म्हणले होते. सँपलची बाटली पाण्यानं धुवायची नसते, हे मीच सांगायला पाहिजे होतं. ती ज्या डिझेलनं भरायची त्याच डिझेलनं तीनदा खळखळून ओतून द्यायची. तिकडं सँपल भरणाऱ्या सा.च्या माणसांनी बाटली चकचकीत बघितली आणि खळखळायचा आळस केला. पेटीत न धुतलेली जुनी एक होती, तीच कपाटात ठेवलेली निघाली.

मावशी म्हणाल्या, "काय चुकलं का वो?" म्हणलं, नाय मावशी. तुमचं काय नाय चुकलं.

मंगळ., २०

दराडे सरांना सांगितलं. दार लावून घेतलं त्यांनी. "लिहून टाका, सँपल घेताना साइटवर निष्काळजीपणा झाला. त्यांनी खळखळायला पाहिजे होतं, हे खरंच आहे. विषय संपला."

आणि ते खरंही आहे! अर्धं. त्या अर्ध्यात सा. पुरता गाडला जातो. माझं नाव कुठं येत नाय. मला दुसरं काय पाहिजे होतं? चार वर्षं हेच तर मागत होते.

पण तिकडं टाकी उपसून मोकळी पडलीय. माझ्या नापास शेऱ्यावर. आज वीज गेली तर एक जनरेटर कमी. तिथंही बायका कपडे वाळत घालत असतील.

आकडा ठोकून दुसऱ्याचं नाव खाली मारणारा एक माणूस मी बघितलाय. त्याच्यासारखं व्हायचं म्हणजे तोच जिंकला.

पत्र लिहिलं. चूक लॅबच्या बाटलीची, सूचना माझी, रिपोर्ट मागं घेत आहे. सा.साठी नाय लिहिलं. त्याच्यावरचा राग तसूभर कमी नाय झालेला. उलट वाढलाय, त्याच्यापायी मला चांगलं वागावं लागतंय म्हणून.

गुरु., २२

सहीचा अधिकार गेला. चौकशी होईपर्यंत. ह्या वेळी खरंच माझ्या चुकीनं.

सा.चा आवाजी निरोप. आधी नुसतं हसणं. मग, "बघ, शेवटी चूक तुझीच निघते. मी तेव्हाही हेच सांगत होतो सगळ्यांना." जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर माझं पत्र टाकलंय त्यानं. खाली अंगठे. सतरा.

मेल्या, तुझ्या जिभेला हाड

जेवले नाय. ह्यांनी ताट झाकून ठेवलं.

शनि., २४

प्रकल्पाच्या अधिकारी मॅडमचा फोन. कधी बोलले नव्हते त्यांच्याशी. म्हणाल्या, तुमच्या पत्रामुळं आम्ही ठरवलंय, एकाही टाकीचा जुना रिपोर्ट धरायचा नाही. तिन्ही टाक्यांची नवीन सँपल्स, आमच्या डोळ्यांसमोर, तळाच्या नळातून. पाणी जड, ते तळाला बसतं. आजवर कंत्राटदाराची माणसं कुठून घेत होती, कुणी बघितलेलंच नाही. मंगळवारी स्वतः घेऊन येते.

"टेस्ट तुम्हीच करायची," म्हणाल्या.

"मॅडम, माझी सही चालत नाय सध्या."

"सही दराडे करतील. ज्यांनी स्वतःची चूक लिहून दिली, त्यांचाच हात मला पाहिजे."

फोन ठेवल्यावर रडले. बाथरूममध्ये, नळ सोडून. शी! ह्या वयात.

मंगळ., २७

आल्या. सीलबंद पेटी, मोठ्या काचेच्या बाटल्या. मागोमाग सा.ची गाडी. पांढरा शर्ट, अत्तर. मला म्हणतो, "नमस्ते मॅडम." मावशींना चहा सांगतो, जणू इथंच आहे अजून.

एक नंबर स्वच्छ. दोन नंबर स्वच्छ, नव्यानं भरलेली. सा. खुर्चीत रेलला. "झालं मॅडम. तीन नंबर तर मागच्याच महिन्यात बघितलीय आम्ही. उगाच वेळ कशाला?"

मॅडम म्हणाल्या, "लावा."

बाटली काढताना प्रवासात हिंदकळलेली दिसली. सगळं ढवळून दुधी झालेलं. हवा की पाणी, त्यावरून सांगता येत नाय, थंड होऊन बसू द्यावं लागतं. उद्या अकराला बघायचं ठरलं. मॅडम हॉटेलवर गेल्या.

बोळात सा.नं गाठलं. आवाज पार बदललेला. "वैशाली, तीन नंबर उन्हाळ्यापासून उपसलीच नाय. माणसं कमी होती. मी नुसतं टिक करत गेलो."

मी पुढं निघाले. तो आडवा आला.

"वरच्या वर घे सँपल. बाटलीच्या तोंडाशी. कुणाला कळणार नाय. मी लगेच जाऊन टाकी साफ करतो, आईशप्पथ. आणि ते दवाखान्याचं मी लिहून देतो. मीच केलं होतं, तुझी अक्षरं मीच मारली. सहीनिशी. ग्रुपवर टाकतो, दराडेंना देतो, तू म्हणशील तिथं."

घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते. त्याला म्हणायला पाहिजे होतं, चल हट. म्हणलं नाय.

बुध., २८, सकाळ

लॅबमध्ये बसून लिहितेय. पावणेअकरा.

सा. बाहेर बाकावर बसलाय. कागद आणलाय, दाखवला मला. दोन्ही बाजू भरून लिहिलाय, खरं लिहिलाय, दवाखान्याची तारीखसुद्धा बरोबर. खाली सही. माझं नाव निर्दोष म्हणून तीनदा आलंय त्यात. खुलताबादच्या त्या मांडवात नेऊन मोठ्यानं वाचावा असा कागद.

टाकी खरंच साफ करील का? टिक करील.

आणि एक लाजिरवाणी गोष्ट लिहून ठेवते, इथं नाय तर कुठं लिहिणार. रात्री देवापुढं हात जोडले ते पाणी निघू दे म्हणून. एवढ्या माणसांच्या उशाशी असलेल्या टाकीत पाणी निघू दे, म्हणजे हा मरेल. असं मागितलं मी.

मॅडम आल्या. घड्याळ बघतायत. बाटलीचा वरचा भाग सोनेरी, नितळ. तळ दिसत नाय, लेबल आडवं आलंय. दाराच्या काचेतून सा. माझ्या हाताकडं बघतोय.

"फिरवू का बाटली?" मॅडम.

"हात लावू नका, हलेल. मीच काढते, तळातून."