माझ्या मताचा रकाना

सोम. २४ मार्च २००३, मॉरिसव्हिल
दुपारी डोलोरेस आली. शेजारचं दार तिचं, तीन वर्षांचा शेजार. लेक कॅरन लष्करात नर्स, इराकच्या लढाईवर गेली आहे. हातात पिवळ्या फितींचं भेंडोळं, रांगेतल्या प्रत्येक दाराला बांधत चालली होती; सैनिक सुखरूप परतावेत म्हणून इथे बांधतात. विचारलं, "ही कॅरनसाठी की लढाईसाठी?" म्हणाली, "हनी, दोन्ही एकच ना."
एकच कसं? फीत घेतली. दाराला नाही बांधली, देवघरात गजाननापुढे ठेवली. कॅरनसाठी रोज एक अथर्वशीर्ष जास्त. लढाईसाठी काही नाही.
हे संध्याकाळी दारातच थांबले. "सगळ्या रांगेत आपलंच दार बोडकं." असू दे.

मंगळ. २५
टीव्हीच्या कोपऱ्यात चोवीस तास झेंडा फडफडतो, मागे वाजंत्री. बातम्या आहेत की लग्न? हिशेबाच्या वहीत शेवटच्या पानावर लढाईची कारणं लिहून ठेवते आहे. आधी शस्त्रं. मग तिथला राजा दुष्ट. आज म्हणे तिथल्या लोकांना मोकळं करायचंय. वाण्याने एका जिनसाचे तीन भाव सांगितले तर मी रिकामी पिशवी घेऊन परत येते. इथे सगळे माना हलवतात. आमच्या भिशीतल्यासुद्धा. सुनीता म्हणाली, "काकू, आपल्याला काय करायचंय, आपण पाहुणे."
सात वर्षांचे पाहुणे!

गुरु. २७
फोन आला. मुलीचा आवाज, गोड. लोकांचं मत विचारतात म्हणे, दहा मिनिटं आहेत का. आहेत की! आमच्याकडे शिरगणतीला शाळेचे मास्तर यायचे, आई त्यांना पाट मांडून चहा द्यायची, मग घरातलं सगळं नीट सांगायची. तसंच मीही. आधी तिलाच विचारलं, जेवलीस का, गाव कुठलं. हसली. ओहायो.
मग प्रश्न. लढाईला पाठिंबा आहे का: पूर्ण, थोडा, फारसा नाही, अजिबात नाही. सांगितलं, शेजारणीची मुलगी सुखरूप यावी, तिला माझा पूर्ण पाठिंबा. लढाईला अजिबात नाही, कारण कारणं तीनदा बदलली. म्हणाली, "मॅम, एकच निवडा." म्हटलं, "दोन गोष्टी आहेत, दोन रकाने कर." "मॅम, तसं चालत नाही." मग मी पहिल्यापासून समजावलं. माझ्या इंग्रजीत जमेल तसं.
हे तेवढ्यात आले. सोफ्यामागून हातवारे, येस म्हण, येस! मी पाठ केली.
नंतर खूप बोलले. "नाव सांगितलंस? ग्रीन कार्डची फाइल सरकारकडे आहे आपली. सात वर्षं घालवली मी, आणि तू फोनवर…" नाव कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

सोम. ३१
संध्याकाळच्या बातम्यांत तोच प्रश्न, शब्द न् शब्द तोच. रंगीत पट्ट्या. पाठिंब्याची लांबच लांब, विरोधाची तिच्या निम्मीही नाही. अगदी खाली एक करडी, सुतासारखी: मत नाही.
मी त्यात! एवढं घसा फोडून सांगितलं, आणि मला मत नाही?
मुग्धा म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ पोल. आणि तो तुझाच पोल कशावरून?" पंधरा वर्षांची आहे, तिला सगळं जस्ट. कशावरून ते मला माहीत नाही. पण माझं उत्तर त्या पोरीने कुठे टाकलं असेल ते कळलं. उद्या पट्टी बघून कोणी म्हणेल, सगळे असंच म्हणतात, मग आपणही. असंच चालतं इथे. जेवण वाढायच्या आधीच पोट भरल्याचं सांगतात.

बुध. २ एप्रिल, पाडवा
ह्यांनी सकाळीच सांगितलं, या वर्षी गुढी मागच्या बाल्कनीत, लोक विचारतील कसला झेंडा. उभारली मागे. पण म्हटलं, आता पुढचं दार माझं.
जाड कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. मुग्धाने कुरकुरत स्पेलिंग तपासलं. "कॅरन सुखरूप घरी यावी ही देवाला प्रार्थना. ही लढाई चुकीची आहे. माझं मत दोन्ही आहे." खाली नाव. पूर्ण, आडनावासकट. दारावर बाहेरून चिकटवलं.
हे: "काढ ते." मी: "तुम्ही काढा. मी परत लिहीन, कागद पुष्कळ आहे." जेवले नाहीत नीट. सणाच्या दिवशी. त्याचं वाईट वाटलं. पण कागद मी काढला नाही.

गुरु. ३
डोलोरेस दाराशी आली. मी आतून दाराच्या भोकातून पाहत होते. चष्मा वर करून वाचलं, बोट ठेवून, कॅरनच्या नावापाशी थांबली. मग पुढे वाचलं. बेल न वाजवता गेली.
मी दार का नाही उघडलं? मत आहे म्हणते, आणि दाराआड उभी.

शनि. ५
दर पाडव्याला तिला श्रीखंड जातं. या वर्षी राहिलं. आज वाटी भरून गेले. गाडी उभी होती, टीव्हीही चालू होता आत. तीनदा बेल वाजवली. वाटी पायरीवर ठेवली, वर झाकण, झाकणावर दगड.
परत आले तर आमच्या कागदाचा एक कोपरा सुटलेला. वाऱ्याने, ह्यांनी, की कोणी. विचारलं नाही.
नवी चिकटपट्टी लावली. चारही बाजूंनी.