नसलेल्या झाडापासून दोनशे मीटर

कार्तागो, ४ मार्च २०१३

चि. एलादियो,

अनेक आशीर्वाद. एक राखून ठेवला आहे, कारण खाली आहे.

बसचा ड्रायव्हर सांगत होता, की तू जोडे शिवायचं यंत्र विकतो आहेस आणि जूनपासून केळ्यांच्या गोदामावर पहारेकरी होणार. बहिणीला हे ड्रायव्हरकडून कळावं? गिऱ्हाईक येत नाही म्हणे. येतं, आणि परत जातं. शनिवारी बसस्टँडवर एक बाई भेटली. तिच्या आठ वर्षांच्या मुलीचा एक पाय तीन सेंटिमीटर आखूड आहे. तसे जोडे करणारा तुर्रियाल्बात कोणी आहे, एवढ्या ऐकीव माहितीवर ती गेली होती. गावात जो तो सांगे, रानउंबरापासून दोनशे मीटर दक्षिणेला. मायलेकी दुपारपर्यंत उंबर शोधत राहिल्या. ते झाड पडून अकरा वर्षं झाली, हे सांगायचं एकालाही सुचलं नाही. तो माझा भाऊ, असं मी म्हणेपर्यंत त्यांची सान होसेची बस सुटली. नाव विचारायचंही राहिलं.

मी इथल्या वाचनालयात संगणकाच्या वर्गाला नाव घातलं आहे. तुझ्या दुकानाची वेबसाइट मी करणार. जोड्यांचे फोटो, दुकानाच्या वेळा आणि पत्ता पाठव. तोवर यंत्र जागचं हलता कामा नये.

राखलेला आशीर्वाद उत्तर आल्यावर.
हेर्मिनिया

तुर्रियाल्बा, ११ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. कान अजून लाल आहे.

अडुसष्टाव्या वर्षी तू बाकावर बसलीस हे ऐकून कोपऱ्यावरची वाणीण दोन्या सोइला इतकी हसली, की मला एक अंडं जास्त मिळालं. तुला शिकवणाऱ्याची तिला कीव येते म्हणाली.

ताई, वेबसाइट हॉटेलांना लागते. मला सगळं गाव ओळखतं. अडचण एवढीच, की गावाचे पाय सरळ आहेत. ज्यांचे नाहीत ते लांब राहतात. गेल्या महिन्यात एकच जोड शिवला. यंत्र घेणारा ३१ मेला येईल, त्याला शब्द दिला आहे. त्या मुलीचं वाचल्यापासून मात्र यंत्राला रोज तेल घालतो. का, विचारू नकोस.

फोटो जोडले आहेत. बुधवारी दुपारी बंद, फुटबॉल. पत्ता तुला पाठ आहेच: रानउंबर होता तिथून दोनशे मीटर दक्षिण, पंचवीस पूर्व, हिरवं फाटक. फाटक आता निळं आहे, पण लोक हिरवंच म्हणतात.

सोबत चीज पाठवलं आहे, ते खाऊन लोभ वाढवावा.
तुझा एलादियो

कार्तागो, २ मे

चि. एलादियो,

आशीर्वाद, राखलेल्यासकट. चीज खारट होतं.

वेबसाइट सुरू होऊन तीन आठवडे झाले आणि कोणी आलं नाही. तू मनात म्हणालास तसंच मीही म्हणाले, की आपला हट्ट वाया गेला. काल लिमोनहून एका गृहस्थाचा फोन आला. तू फोन उचलत नाहीस म्हणून वेबसाइटवर मी माझा नंबर दिला आहे. त्यांनी अदबीनं विचारलं, की बाई, ते झाड नेमकं कुठं आहे. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तुझा पत्ता मी जसाच्या तसा उतरवला होता. चाळीस वर्षं मुलांना मोजमाप शिकवलं, आणि स्वतः नसलेल्या झाडापासून मीटर मोजत बसले. तुला हसायची एकदा मुभा आहे.

आता नकाशा घातला आहे आणि निळ्या फाटकाचा फोटो. बुधवारची सुट्टी ठळक लिहिली आहे. कोणाची खेप फुकट जायला नको, त्या पोरीचा तो दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. ज्यांना प्रवास झेपत नाही त्यांच्यासाठी कागदावर दोन्ही पावलं कशी रेखायची, तेही लिहिलं आहे. पण ३१ मे जवळ आला. त्या माणसाला थोपव.

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून,
हेर्मिनिया

तुर्रियाल्बा, २९ मे

ती. ताईस,

सा. न. वि. वि. या खेपेला चीज अळणी आहे.

गेल्या मंगळवारी एक बाई कोणालाही न विचारता थेट फाटकाशी आली. हात धरून मुलगी. नाव मारिसेल, डावा पाय तीन सेंटिमीटर आखूड. मार्चमध्ये उंबर शोधून दमलेली तीच पोर, ताई. आईनं वेबसाइटवर माझे जोडे पाहिले आणि फाटकाच्या रंगावरून ओळखलं, की त्या दिवशी आपण इथूनच दोनदा गेलो होतो.

काल जोडे नेले. मारिसेल कोपऱ्यापर्यंत चालत गेली आणि मागं वळून मला म्हणाली, की रस्ता आता वाकडा नाही. मी दुकानात जाऊन उगाच चामडं शोधत बसलो.

लिमोनच्या गृहस्थांची पावलं कागदावर आली आहेत, आणखी चौघांचीही. यंत्र घेणारा ३१ची वाट न पाहता आधीच आला, त्याला मी नाही म्हणालो. तो रागावला, पण जाताना स्वतःच्या टाचेचं दुखणं सांगून माप देऊन गेला.

दोन्या सोइलाची मात्र तक्रार आहे. परगावचे लोक तिला रस्ता विचारायला थांबत नाहीत, त्यामुळे तिला बातम्या कळेनाशा झाल्या. काल ती फोनवर कोणाला तरी स्वतःच्या दुकानाचा पत्ता सांगत होती: एलादियोच्या निळ्या फाटकापासून पंचवीस मीटर पश्चिम. आता मी हललो तर अख्खी गल्ली हरवेल, तेव्हा इथंच आहे.

पुढच्या बुधवारी ये. बंद असतं, पण तुला फाटक उघडेल.
तुझाच,
एलादियो