अर्धी पट्टी चढी

दि. ३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेला पेन ड्राइव्ह मिळाला. आईच्या सगळ्या रेकॉर्डी नखाएवढ्या डबीत कोंबल्यास, धन्य आहेस! आवाजही नखाएवढाच झालाय. दुकानात चष्म्याच्या काचा पुसतोस तशी गाणी पुसून काढलीस. खरखर गेली, तिच्याबरोबर गाणाऱ्यांचा श्वासही गेला. रेकॉर्डवर खोलीभर पसरणारं व्हायोलिन तुझ्या डबीत डासासारखं गुणगुणतंय. पण मी पडले वाद्यं दुरुस्त करणारी, माझे कान ते काय!

एवढंच सांगते, त्या रेकॉर्डी भंगारात देऊ नकोस. आणि हल्ली आईला फोन केला की मागे तिचं गाणं ऐकू येत नाही. पूर्वी रेकॉर्ड लागली की तीही गायची. बरी आहे ना ती?

वहिनीला नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू दे, सल्ले कमी कर.

तुझी,
भिंगरी

दि. १० मार्च

चि. भिंगरीस,
अ. आ.

पत्र वाचून कृतार्थ झालो. अठरा रविवार आईकडे मांडी ठोकून बसलो, एकेक रेकॉर्ड लावली, उलटली, उतरवली. तेव्हा बाईसाहेब कुठे होत्या? लांबून श्वास ऐकणं सोपं असतं. आता आईने नुसतं बटण दाबायचं, की गाणी सुरू. तेवीस तारखेला भंगारवाला येऊन कपाट रिकामं करतोय. तुझे श्वास हवे असतील तर त्याआधी येऊन घेऊन जा.

आईचं मात्र खरं आहे. गात नाही. म्हणते, आता गळा चालत नाही. मी घाबरून तिला घशाच्या डॉक्टरांकडे नेलं, तर ते म्हणाले घसा ठणठणीत आहे. मग बिघडलंय काय? तुझ्याशी भांडायला बरं वाटतं, पण हे मला झेपत नाहीये गं. काही सुचलं तर कळव.

लोभ असो नसो, उत्तर असू दे.

दादा

दि. १५ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सुचलं. तुझी गाणी माझ्या दुकानातल्या सूर मोजायच्या ट्यूनरवर तपासली. अभिनंदन! झाडून सगळी गाणी अर्धी पट्टी चढी आहेत. तुझं यंत्र रेकॉर्डी जोरात फिरवत होतं आणि अठरा रविवारांत तुला पत्ता नाही! गिऱ्हाइकाला चुकीच्या नंबरचा चष्मा देऊन वर त्याचेच डोळे तपासायला पाठवशील तू.

चाळीस वर्षं ज्या पट्टीत गायली ती पट्टीच सरकल्यावर आई बिचारी काय गाणार? आपलाच गळा गेला असं समजून गप्प बसली असणार. मला रडू आलं रे दादा. भंगारवाल्याला नको म्हणून सांग, यंत्र दुरुस्त कर आणि आईशी आजच्या आज बोल.

‘चुकलो’ हा शब्द तुला लिहिता येतो, या आशेवर असलेली,

भिंगरी

दि. २० मार्च

चि. दादास,
अ. उ. आ.

फोनवर अर्धा तास माफी मागितलीस आणि मला एक शब्द बोलू दिला नाहीस, म्हणून गावातल्या गावात पत्र लिहिते आहे. भिंगरीलाही नक्कल धाडते, तिचेही डोळे कोरडे होतील.

यंत्र जोरात फिरतंय हे मला पहिल्याच रविवारी कळलं होतं. माझे कान अजून शाबूत आहेत. आणि अर्ध्या पट्टीने अडायला मी काय काल गायला शिकले? बोलले असते तर तू वैतागून पसारा गुंडाळला असतास, म्हणून बोलले नाही. एक बाजू संपली की उलटायला तू होतास. मधल्या वेळात दुकानातल्या कटकटी सांगायचास, हे गाणं कधी शिकलीस म्हणून विचारायचास. किती वर्षांनी विचारलंस! मग काम संपलं, आणि तू सहा आठवडे फिरकला नाहीस. घशाच्या डॉक्टरांकडे नेलंस तेवढंच. तिथेही मला छान वाटलं, रांग मोठी होती.

गळा चालत नाही हे मी खोटंच सांगितलं. त्या अठरा रविवारांनंतर रिकाम्या घरात गायला मला नको वाटतं रे.

आता सगळ्या रेकॉर्डी पुन्हा पहिल्यापासून उतरवायच्या म्हणतोस. जरूर उतरव. यंत्र दुरुस्त झालं तर उत्तम. नाही झालं तरी ये.

लोभ पत्रात मावत नाही, रविवारी स्वतः घेऊन यावा.

आई