गिअरच्या मुठीवरचा टवका

रविवार, संध्याकाळ

माझा जुना छोटा ट्रॅक्टर आज चालू झाला, आणि मी अडलोय एका टवक्यावर! गिअरची मूठ कुठेच मिळेना. शेवटी पेणला गणपतीचे साचे करणाऱ्या महेशने रोह्याच्या नंदूदादाच्या तशाच ट्रॅक्टरच्या मुठीचा रबरी साचा घेतला आणि फायबरची मूठ ओतून दिली. नंदूदादाच्या मुठीचा उडालेला टवकासुद्धा माझ्या मुठीवर हुबेहूब! बुजवावा का?

"पाच मिनिटांचं काम हाय," म्हणत महेशने पुट्टी मळली. तेवढ्यात बघायला आलेला नंदूदादा माझ्या ट्रॅक्टरच्या सीटवर चढला. स्वतःच्या ट्रॅक्टरला कोणाला हात लावू देत नाही हा माणूस! सवयीने अंगठा बरोब्बर टवक्यात टेकवला आणि न विचारता वाडीला फेरी मारून आला.

टवका राहू दे. आता त्याचा ट्रॅक्टर मीही न विचारता चालवणार.