लंगडीच्या मानेची पिसं

३ फेब्रुवारी

पाच पिलं आली! शिलाई मशीनच्या जुन्या खोक्यात ठेवली, खाली माझ्याच चिंध्या. ‘अंड्यांसाठी आणलीत, लाडासाठी नाही’ — थोरल्या जाऊबाई. दोघींचेही नवरे गेले, घरात आम्ही दोघीच उरलो, तरी कायदा त्यांचाच चालतो. मी आपली कपडे शिवते आणि मान डोलावते.

शेजारच्या नर्सबाई कुंपणाशी आल्या. त्यांची रात्रपाळी, सकाळी घरी येऊन झोपतात. ‘कोंबड्या पाळा काकू, पण कोंबडा नको. आरवला की माझी झोप गेली.’ जाऊबाईंनी शब्द दिला — आरवायच्या आत ओळखून कोंबडीवाल्याला परत. तिथे त्याचं काय होणार ते सांगायला नको. पण ओळखायचं कसं? कोंबडीवालाच म्हणाला, ‘एवढ्याशा पिलाचं मलाही कळत नाही.’

५ फेब्रुवारी

जाऊबाईंना कळतं म्हणे! दोऱ्याला सुई बांधून पिलावर धरायची. गोल फिरली तर कोंबडी, सरळ हलली तर कोंबडा. सुई माझी, दोरा माझा. काल पाचही कोंबड्या निघाल्या, आज पाचही कोंबडे. ‘तुझ्या बोलण्यानं सुई हलते,’ मलाच म्हणाल्या. मी तोंडातून शब्द काढला नव्हता!

२० फेब्रुवारी

एक लंगडते. डाव्या पायाचं बोट वाकडं आहे. दाण्यापाशी पोचेपर्यंत बाकीच्यांनी फडशा पाडलेला असतो. म्हणून शिवताना पायाशी घेऊन बसते, वेगळं भरवते. मशीनचं पायडल हलायला लागलं की माझ्या पावलावर चढून बसते आणि झोके घेते. नाव ठेवणार नव्हते. लंगडी म्हणते.

१९ मार्च

काळ्या पिलाचा तुरा लालभडक झाला. पाय जाड, छाती काढून चालतो, दोन्ही तांबड्यांवर धावून जातो. सुईची गरजच उरली नाही. जाऊबाईंनी पिशवीत घातला आणि देऊन आल्या.

‘पांढरीचाही तुरा मोठा दिसतो,’ मी म्हटलं. ‘त्या जातीत असतोच,’ म्हणाल्या. असेल बाई.

२१ मार्च

कोंबडीवाल्याच्या दुकानावरून गेले. काळा पिंजऱ्यात नव्हता. घरी येऊन सांगितलं तर जाऊबाई भाजी चिरतच राहिल्या. ‘जीव लावायचा नसतो.’ भाऊजी गेले तेव्हाही अशाच कोरड्या होत्या. बाई दगडाची आहे. लिहू नये, पण लिहिते.

२२ एप्रिल

खरी खूण आज कळली, कोंबडीवाल्याकडून. तुरा फसवतो, पिसं फसवत नाहीत. तीनेक महिन्यांनी मानेवर आणि शेपटीच्या बुडाशी बघायचं — कोंबडीची पिसं टोकाला गोल, कोंबड्याची लांब, निमुळती. आनंदातच घरी आले, जाऊबाईंना खूण सांगितली. लंगडीचा तुरा तर एवढासा, ती कोंबडीच असणार!

मांडीवर घेतली, मान बघितली. निमुळती. एकूण एक.

हे मात्र जाऊबाईंना सांगितलं नाही.

२३ एप्रिल

केलं! दुपारी जाऊबाई आडव्या झाल्या आणि मी काजं कापायची छोटी कात्री घेऊन मागच्या दारी बसले. एकेक पीस बोटांत धरून टोक गोल केलं, मुलींच्या फ्रॉकच्या कॉलरी कापते तसं. शेपटीकडचीही केली. लंगडी शांत बसून होती. तीस वर्षं कापड कापतेय, कुणी ओळखून दाखवावं! वहीतसुद्धा ती लंगडीच राहणार. नर्सबाईंशी लबाडी झाली हे कळतं. तरी केलं.

संध्याकाळी जाऊबाईंनी माना तपासल्या. लंगडीला जरा जास्तच वेळ धरलं. पांढरी तर माझ्याकडे दिलीच नाही, पदराखाली घेऊन बसल्या. ‘चारही कोंबड्या,’ म्हणाल्या. मग उठता उठता — ‘कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.’ हे कशावरून काढलं? जेवण गोड लागलं नाही.

२ मे

नर्सबाई कुंपणाशी. ‘सगळ्या कोंबड्याच ना, काकू?’ जाऊबाई ठामपणे ‘हो’ म्हणाल्या. मी सुईत दोरा ओवत होते. तीनदा चुकला. बिचाऱ्या नर्सबाईंनी माझ्या डोळ्यांसाठी डॉक्टर सुचवला!

६ मे

छोटी कात्री बोथट! काज कापायला गेले तर कापड चावलं. जाऊबाईंना विचारलं, तुम्ही घेतली होती का? ‘मला काय करायचीय तुझी कात्री? मला साधं बटण लावता येत नाही.’ तेही खरंच. पिसांनीच धार गेली असणार. मुकाट्यानं धार लावून आणली.

११ मे

पहाटे आरव! धावत सुटले. लंगडीला पोटाशी घट्ट धरलं, चोच पदरात दाबली. ती गप्प — आणि आरव पुन्हा आला! खुराड्याच्या टोकाला, मान ताणून, पांढरी!

जवळ जाऊन पिसं बघितली. टोकं गोल, पण कुरतडल्यासारखी, एक वर एक खाली. माझ्या हातचं काम नव्हे.

मागे जाऊबाई उभ्या. डोळे भरलेले. त्यांना रडताना मी पहिल्यांदा बघितलं. ‘नर्सबाई आल्या की दोघी जाऊन सांगू,’ म्हणाल्या. पांढरीला उचलून घेतलं, मानेवरून हात फिरवला.

‘तुझ्या लंगडीची बघूनच कापली. पण मला तुझ्याइतकं सफाईनं नाही जमलं गं.’