गोदामाच्या भिंतीचा म्हसोबा

आई, तू जाऊन पुष्कळ वर्षं झाली आणि आता मला रागे भरायला बसमध्ये एक मशीन बसवलं आहे. मी कारखान्यात कामाला जाणाऱ्या बायकांना कोल्हापुरातून कागलच्या पुढे नेतो आणि परत आणतो. समोरच्या काचेला काडेपेटीएवढा कॅमेरा चिकटवला आहे. तो रस्ता बघत नाही, मला बघतो. माझे डोळे मिटले, मान खाली गेली, की आतून एक बाई बोलते, 'कृपया रस्त्याकडे लक्ष द्या.' आवाज इतका गोड, की भीतीच वाटते. मागे चाळीस बायका हसतात. 'मामा, चिडली की ओ तुमची बाई!' शिवाय ते मशीन दर आठवड्याला माझ्या चेहऱ्याचा अहवाल ऑफिसला पाठवतं. पहिल्याच अहवालात 'चिंताग्रस्त' असं आलं. घरी तुझ्या सुनेला सांगितलं, तर म्हणाली, 'एवढ्यासाठी मशीन कशाला? मला इचारायचं की.'

सगळा दोष तुझा आहे असं मी म्हणत नाही, पण थोडा आहे. मी नवा ड्रायव्हर झालो तेव्हा तुला पुढच्या सीटवर बसवून मलकापूरला मावशीकडे नेत होतो. वाटेत मारुतीचं देऊळ आलं. मी एक हात छातीला लावला आणि पुढे निघालो. तू केवढ्यानं ओरडलीस! 'एका हातानं माशी हाकलत्यात. देवाला दोन हात लागत्यात, आन् डोळं मिटून.' मी म्हणालो, 'आई, स्टेअरिंग?' तर तू म्हणतेस, 'ते काय पळून जातंय व्हय?' त्या दिवसापासून मी रस्त्यावरचं एकही देऊळ सोडलेलं नाही. तुझ्यापुढे बोलायची सोयच नव्हती. चुलीपुढे पाठमोरी बसून भाकरी थापत असायचीस आणि नुसत्या माझ्या चपलांच्या आवाजावरून ओळखायचीस, की आज शाळेत मार खाल्लाय. या मशीनला तोंड बघूनही काही कळत नाही, असं मला वाटायचं.

मागच्या महिन्यात ऑफिसातल्या मॅडमनी बोलावलं. मॅडम म्हणजे आपल्या थोरल्या नातीच्या वयाची पोरगी. कॉम्प्युटरवर नकाशा होता, त्यावर लाल ठिपके. 'काका, तुम्ही रोज सात ठिकाणी झोपताय. आणि रोज त्याच सात ठिकाणी. इतक्या शिस्तीत झोपणारा माणूस मी अजून बघितला न्हाई.' झोपेची नोंद खरी ठरली की गाडीची चावी काढून घेतात, आणि चौसष्टाव्या वर्षी मला दुसरीकडे दारात कोण उभं करणार? मी एकेका ठिपक्यावर बोट ठेवत गेलो. 'ह्यो मारुती. ही मरगाई. ह्यो पीर. ह्यो बिरोबा.' मॅडमनी कपाळाला हात लावला. 'अहो काका, लाखो ड्रायव्हरांचे चेहरे बघून शिकलंय ते!' मी म्हणालो, 'त्यात हात जोडणारा एकबी नव्हता व्हय?' ती हसायलाच लागली. हसता हसता तिला आठवा ठिपका दिसला. 'आणि हे पत्र्याचं गोदाम? हितं एकदाच कसं काय?' मी म्हणालो, 'म्हसोबा. नवा बसवलाय.'

आई, तिथे म्हसोबा नाही. तिथे मी झोपलो होतो. सकाळची पाळी सुटलेली, ऊन रणरणतंय, मागे बायका पेंगताहेत, आणि मीही पेंगलो. त्या गोड बाईने जागं केलं तेव्हा पुढचा टँकर माझ्या काचेत मावत नव्हता. कसाबसा ब्रेक लागला. बायका दचकून उठल्या आणि मला वाटलं, आता शिव्या देतील, तर एक म्हणते, 'मामा, कुत्रं आडवं आलं काय?' मी व्हय म्हणालो.

मॅडम भली पोरगी. तिने माझ्या सगळ्या नोंदी पुसल्या आणि या आठ जागी मशीनने बोलायचं नाही, असं करून घेतलं. वर गंमत म्हणून गोदामापाशी मामांचा नवा म्हसोबा आहे, असं बायकांना सांगितलं. चार दिवसांत गोदामाच्या भिंतीशी एका दगडाला शेंदूर लागला, नारळ फुटला. आता तिथून जाताना सगळ्या मिळून ओरडतात, 'मामा, हात जोडा की! तुमचाच द्येव हाय.' मी जोडतो. डोळे मात्र टक्क उघडे ठेवतो, कारण त्या जागी मला परत झोप लागली तर उठवणारं आता कुणी नाही. मी घालवलंय त्याला.

मॅडमना खरं सांगायला दोनदा ऑफिसच्या दारापर्यंत गेलो. 'काका, चहा घेणार?' असं तिने विचारलं, आणि मी चहा पिऊन परत आलो. कालपासून खोकल्याचं कारण सांगून रजेवर आहे. खोकला नाही. गाडी दुसरा ड्रायव्हर चालवतोय, तेवढं तरी केलं. आज कागद घेऊन बसलो तो खरं तर मॅडमनाच लिहायला. 'मॅडम' असं तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. मग 'आई' लिहिलं, आणि पुढचं सगळं सरळ उतरत गेलं. तुला वाचता येत नव्हतं, याचा फार आधार वाटला.