समोरच्या ओसरीवरच्या सुया

५ फेब्रुवारी
आले बाई एकदाची संभाजीनगरात! मुकुंदवाडीत, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर खोली मिळाली. पोलीस भरतीचं ग्राऊंड, म्हणजे पळायची परीक्षा, एप्रिलमध्ये. वयात बसणारी ही शेवटचीच भरती, म्हणून सिल्लोडहून ट्रॅकसूट, चणे अन् मायचे टोमणे बांधून आणलेत. वर्दी नाय मिळाली तर लगीन, असं तिनं बजावलंय. मालकीणबाई मनकर्णाबाई लई बोलक्या. पाणी आठ-दहा दिवसांनी येतं म्हणाल्या, म्हणून पहिली खरेदी ड्रमची. डोक्यावर घेऊन ऐटीत गल्लीतून आले.

१९ फेब्रुवारी
पोटऱ्या ठणकतायत. आठशे मीटरचा वेळ सुधारत होता अन् हे! मनकर्णाबाईंनी समोरच्या केशवकाकांकडं नेलं. काका निवृत्त कारकून, कुठल्याशा शिबिरात ॲक्युपंक्चर शिकलेले. ओसरीवर फुकट सुया लावतात. माणूस टापटिपीचा. एकाच्या सुया काढल्या की स्टीलच्या डब्यात, जंतू मारायच्या निळ्या औषधात बुडवतात, मग दुसऱ्याला. औषध महाग, म्हणून ड्रममधलं पाणी घालून पुरवतात. मुंगी चावल्यागत वाटलं, बस. संध्याकाळी मस्त पळाले.

१७ मार्च
जिथं जिथं सुई, तिथं तिथं गाठ. लाल, सुपारीएवढी. काकांना दाखवल्या तर गडी खूश! विष बाहेर पडतंय म्हणे, गुण येतोय. मनकर्णाबाईंनी लुगडं वर करून स्वतःच्या गुडघ्यावरच्या गाठी दाखवल्या, नवे दागिने दाखवावेत तशा. काकांनी माझ्या गाठींच्या कडेनं आणखी सुया लावल्या. मीही येडी, लावून घेतल्या.

२९ मार्च
गाठी फुटल्या. काकांच्या सुया बंद केल्या. पू वाहतो, वाळायचं नाव नाय. गल्लीतल्या डॉक्टरच्या गोळ्या झाल्या, चौकातल्याची इंजेक्शनं झाली, फरक शून्य. एक म्हणतो उष्णता, दुसरा म्हणतो मच्छर. अरे, मच्छर काय रांग लावून चावतो का? डोकं फिरायची पाळी आलीय. ग्राऊंडचा मेसेज आला. अकरा एप्रिल.

४ एप्रिल
सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच नीट विचारलं, सुया कुठं घेतल्या? साठवलेल्या पाण्यात एक जंतू असतो म्हणाल्या, पाणी घातलेल्या औषधानं तो मरत नाय, सुईसंगं आत जातो अन् सावकाश वर येतो. गाठी कापायच्या, गोळ्या कित्येक महिने. पळायचं तर नावच काढू नको म्हणाल्या. तिथंच रडले.
तशीच काकांकडं गेले. ते हसले. उपचार अर्धा सोडलास म्हणून चिघळलं म्हणे! मग मी ताडताड बोलले, तर सारी गल्ली माझ्याच अंगावर. फुकट करणाऱ्या देवमाणसाला नावं ठेवते म्हणे. ओसरीवरची रांग हलली नाय.

११ एप्रिल
आज ग्राऊंड. मी खाटेवर. दोन्ही पोटऱ्या चिरल्यात, पट्ट्यांवर पट्ट्या. माय आलीय. तिला सगळं सांगितलं. ती मान हलवते अन् पट्टीवरून अंगारा ओढते. प्रवासानं तिची कंबर धरलीय. काका विचारपूस करून गेले, लिंबं देऊन गेले. मायला ते लई भले वाटले. अर्धं सोडलं म्हणून पोरीचं असं झालं, हे तिला पटलंय. मी शपथ घातली, तिकडं जाऊ नको. व्हय गं, म्हणाली.

१३ एप्रिल
पाणी आलं. साऱ्या गल्लीत मोटारी चालू. माय हंडा घेऊन काकांच्या नळावर गेलीय —

अजून आली नाय.

खिडकीतून दिसतंय. हंडा पायरीवर, रिकामा. माय ओसरीवर पालथी पडलीय. कंबर उघडी. काका डबा —

हाका मारून घसा बसला. मोटारींच्या आवाजात कुणाला — फोन लावला तर तिचा फोन इथं उशाशीच वाजतोय.

उतरायला गेले. पाय टेकवत नाय. पट्टी लाल झाली. एवढीशी गल्ली, देवा, एवढीशी —

मायनं मान वळवली. मला बघून हसली. हात हलवला, काय नाय होत म्हणून —

सुई काढली त्यांनी डब्यातून. झटकली.

माय, ऊठ. मी आले. मी धाव